दुसऱ्या डावाची मालकी

पहिली सॉफ्टवेअर कंपनी विकून झाली. करारात ठरल्याप्रमाणे दोन-तीन वर्षं नव्या मालकाकडे नोकरी झाली, शेअर टप्प्याटप्प्यानं हातात आले, आणि आता दुसरी कंपनी काढायचं मनात आहे. या वेळी एक गोष्ट पक्की ठरलेली असते: ही विकायची नाही. हा लेख असा निश्चय केलेल्या, किंवा त्याच्या काठावर उभ्या असलेल्या संस्थापकांसाठी आहे. निश्चय मोलाचा आहे, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. कंपनी स्वतंत्र राहते ती मालकाच्या जिद्दीमुळे कमी आणि तिच्या बांधणीमुळे जास्त. दर महिन्याचा खर्च कशातून भागतो, मतदानाचा हक्क कुणाकडे आहे, नाव आणि कोड कुणाच्या मालकीचे आहेत, या प्रश्नांची उत्तरं बहुतेकदा पहिल्या एक-दोन वर्षांतच कागदावर उतरतात, आणि तीही दुसऱ्याच कामाच्या गडबडीत. पुढे कधीतरी विक्रीचा प्रस्ताव समोर येतो तेव्हा ‘नाही’ म्हणायची ताकद तुमच्यात उरली आहे की नाही, हे त्या कागदांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

याचा सगळ्यात मोठा दाखला व्हॉट्सॲपचा आहे, आणि तो बारकाईनं पाहण्यासारखा आहे. ब्रायन ॲक्टन आणि जान कूम हे दोघे पूर्वी याहूत काम करणारे. २००९ साली त्यांनी व्हॉट्सॲप सुरू केलं. जाहिराती नाहीत, खेळ नाहीत, क्लृप्त्या नाहीत, अशा अर्थाची ॲक्टन यांच्या हातची एक चिठ्ठी कूम यांनी आपल्या टेबलावर चिकटवून ठेवली होती. म्हणजे निश्चयाची कमतरता नव्हती. धंद्याचं गणितही सरळ होतं: अनेक देशांत वर्षाला साधारण एक डॉलर वर्गणी. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकनं ही कंपनी १,९०० कोटी डॉलरना घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा वापरणारे ४५ कोटी होते आणि कर्मचारी फक्त ५५. संस्थापकांनी विक्रीच्या करारात एक कलमही घालून घेतलं होतं. चार वर्षांत हप्त्याहप्त्यानं मिळायचे शेअर एकदम मिळावेत, जर नव्या मालकानं संस्थापकांच्या संमतीशिवाय कमाईच्या योजना ‘अमलात आणायला’ सुरुवात केली तर. पुढे नेमका तसा वाद उभा राहिला. ॲक्टन यांनी २०१८ साली मुलाखतीत सांगितलं त्यानुसार, फेसबुकच्या वकिलांचं म्हणणं असं पडलं की योजना अजून अमलात आणलेल्या नाहीत, त्यांची फक्त चाचपणी चालू आहे. ॲक्टन कोर्टात गेले नाहीत. २०१७ मध्ये त्यांनी कंपनी सोडली, आणि मागे सुमारे ८५ कोटी डॉलरचे शेअर सोडले.

एवढ्या मोठ्या व्यवहारातलं, उत्तम वकिलांनी तपासलेलं कलम एका क्रियापदावर अडलं. ‘अमलात आणणं’ म्हणजे नक्की काय? जाहिरातींची यंत्रणा लिहायला घेणं, त्यासाठी माणसं नेमणं, संचालक मंडळापुढे आराखडा मांडणं, की पहिली जाहिरात पडद्यावर दिसणं? ज्याला आपल्या तत्त्वाचं रक्षण कराराकडून करून घ्यायचं आहे, त्यानं त्या तत्त्वाचा भंग कोणत्या दिवशी, कोणत्या खुणेनं झाला असं मानायचं, हे करारातच लिहून घ्यावं. व्यवहाराच्या वेळी दिलेली तोंडी किंवा ढोबळ आश्वासनं तर त्याहून कच्ची असतात. याच खरेदीच्या छाननीत दोन्ही सेवांमधली खाती आपोआप आणि खात्रीनं जुळवता येणार नाहीत, असं फेसबुकनं युरोपीय आयोगाला सांगितलं होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉट्सॲपच्या अटी बदलल्या, फोन नंबर फेसबुकच्या खात्याशी जोडण्याची वाट मोकळी झाली, आणि मे २०१७ मध्ये आयोगानं दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल ११ कोटी युरोंचा दंड केला. दंड वसूल झाला. बदललेल्या अटी मात्र त्यामुळे मागे गेल्या नाहीत.

म्हणून नव्या कंपनीचं पहिलं काम नवी कल्पना मांडण्याचं नाही, जुना करार पुन्हा वाचण्याचं आहे. स्पर्धाबंदीचं कलम किती वर्षांचं आहे, ते कोणत्या कामाला लागू आहे, जुन्या सहकाऱ्यांना आणि ग्राहकांना बोलावण्यावर बंदी आहे का, विक्रीच्या रकमेतला काही भाग नुकसानभरपाईसाठी अडकवून ठेवला आहे का, हे तारखांसह एका कागदावर उतरवा. इथे आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे धंद्यापासून रोखणारे करार रद्दबातल ठरतात, त्यामुळे स्पर्धाबंदीला घाबरायचं कारण नाही, असं सर्रास सांगितलं जातं. नोकरी सोडलेल्या माणसाच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी खरं आहे. पण त्याच कलमात एक अपवाद आहे: ज्यानं आपल्या धंद्याची पत, म्हणजे गुडविल, विकली आहे, त्याच्यावर वाजवी मर्यादेत बंधन घालता येतं. तुम्ही नुसती नोकरी सोडलेली नाही, धंदा विकलेला आहे. कॅलिफोर्नियातही नोकरदारांना असलेलं संरक्षण धंदा विकणाऱ्या मालकाला तसंच्या तसं मिळत नाही. दुसरी अडचण याहून साधी आणि म्हणूनच जास्त घातक. नव्या मालकाच्या नोकरीत असताना, त्याच्या लॅपटॉपवर, त्याच्या कामाशी संबंधित जे काही लिहिलं, त्यावर बहुतेक करारांप्रमाणे त्याचा हक्क असतो. दुसऱ्या कंपनीची कल्पना त्या काळातल्या एखाद्या फाइलमध्ये असेल तर ती तिथेच राहू द्या. नोकरीचा शेवटचा दिवस आणि नव्या कोडची पहिली ओळ यांच्यामध्ये स्वच्छ अंतर असलं पाहिजे, आणि ते दाखवता आलं पाहिजे.

आता पैशाकडे येऊ, कारण स्वातंत्र्याची खरी कसोटी तिथेच लागते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ॲक्टन यांनी सिग्नल या मेसेजिंग ॲपसाठी सिग्नल फाउंडेशनला ५ कोटी डॉलर देऊन उभं केलं. ही ना-नफा संस्था आहे. तिचे शेअर नाहीत, त्यामुळे ते विकत घेऊन कुणाला मालक होता येत नाही. पहिल्या कंपनीत जे कलमानं साधलं नाही, ते त्यांनी दुसऱ्या वेळी संस्थेच्या रचनेतच बसवलं. पण या गोष्टीतला पुढचा तपशील फारसा सांगितला जात नाही. ती रक्कम देणगी नव्हती, कर्ज होतं: बिनव्याजी, बिनतारण, २०६८ साली फेडायचं. त्याच वर्षअखेर ते साडेदहा कोटी डॉलरपर्यंत गेलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिग्नलनं आपला खर्च उघडपणे मांडला. २०२५पर्यंत वर्षाला ५ कोटी डॉलरच्या आसपास पैसा लागेल असा तो अंदाज होता. कर्मचारी साधारण ५० आणि संगणकीय यंत्रणेवरचा वार्षिक खर्च सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर. त्यातही नवं खातं उघडताना फोनवर जो सहा आकडी कोड येतो ना, नुसता तो एसएमएस पोचवायला वर्षाला ६० लाख डॉलर लागत होते.

हे आकडे शेजारी ठेवून पाहा. वर्षाला ५ कोटींच्या या वेगानं एका अब्जाधीशाचं साडेदहा कोटींचं कर्ज दोन-सव्वादोन वर्षांत संपलं असतं. म्हणूनच सिग्नलला वापरणाऱ्यांकडून छोट्या छोट्या देणग्या मागाव्या लागतात, आणि ते योग्यच आहे. संस्थापकाची थैली कितीही मोठी असली तरी ती सुरुवातीचं भांडवल असते, उत्पन्न नसते. ‘ॲक्टन यांच्याकडे अब्जावधी होते, आम्हाला त्यांचं उदाहरण काय कामाचं?’ असा आक्षेप घेतला जातो. मला तो उलटा वाटतो. एवढा पैसा असूनही केवळ स्वतःच्या पैशावर स्वातंत्र्य टिकत नाही, हेच त्यातून सिद्ध होतं, आणि ते ज्याच्या हाती दोन-चार कोटी रुपये आहेत त्यानं सर्वांत आधी समजून घ्यायला हवं. विक्रीतून आलेल्या रकमेचे वेगळे वाटे करा. आधी कर बाजूला काढा. मग घरखर्च, मुलांची शिक्षणं, आईवडिलांची दुखणी यांचा किमान पाच वर्षांचा पैसा अशा ठिकाणी ठेवा जिथून तो कंपनीच्या खात्यात येऊच शकणार नाही. उरलेल्यातला काही भाग भागभांडवल म्हणून घाला आणि काही कर्ज म्हणून. भारतातल्या खासगी कंपनीला संचालकाकडून कर्ज घेता येतं. ही रक्कम आपण दुसऱ्याकडून उसनी घेतलेली नाही, असं त्या संचालकानं लेखी द्यावं लागतं. कर्जाचा फायदा असा, की कंपनी कमावू लागली की घातलेला पैसा शेअर न विकता परत घेता येतो. घरची चूल कंपनीच्या खात्यावर अवलंबून राहिली, की तिसऱ्या वर्षी आलेला कोणताही प्रस्ताव चांगला वाटायला लागतो. आजवरच्या कित्येक विक्रींचं खरं कारण ताळेबंदात कधी दिसणार नाही, ते स्वयंपाकघरात सापडेल.

याचा सरळ अर्थ, ग्राहकाकडून पैसे पहिल्या वर्षापासून घ्यायला लागा. गॅब्रिएल वाइनबर्ग यांनी आपली पहिली कंपनी, नेम्स डेटाबेस, २००६ साली सुमारे १ कोटी डॉलरना विकली आणि २००८ साली डकडकगो हे शोधयंत्र सुरू केलं. २०११पर्यंत त्यांनी ते स्वतःच्या पैशावर चालवलं, मग बाहेरची गुंतवणूक घेतली. उत्पन्नाची सोय त्यांनी साधी ठेवली: जाहिरात शोधलेल्या शब्दावर दाखवायची, शोधणाऱ्या माणसाचा माग काढून नाही. म्हणजे तत्त्व आणि कमाई यांचं तोंड एकाच दिशेला. असं असतं तेव्हा तत्त्व पाळायला दररोज धैर्य लागत नाही. पण याच कंपनीच्या गोष्टीत दुसरीही बाजू आहे. शोधाचे निकाल मोठ्या प्रमाणात मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. मे २०२२ मध्ये एका सुरक्षा संशोधकानं दाखवून दिलं, की डकडकगोचा ब्राउझर इतर कंपन्यांचे माग काढणारे ट्रॅकर अडवतो, पण मायक्रोसॉफ्टचे काही अडवत नाही. शोधनिकालांच्या कराराचं हे बंधन असल्याचं कंपनीनं मान्य केलं, आणि काही महिन्यांत ते बदलून घेतलं. भागधारक कुणीही असो, ज्या पुरवठादारावाचून तुमचं काम एक दिवसही चालणार नाही, त्याचा शब्द तुमच्या कंपनीत चालतो. क्लाउड, पैसे स्वीकारणारी यंत्रणा, ॲप स्टोअर, आणि आता भाषेचं मॉडेल पुरवणारी कंपनी, यांतल्या प्रत्येकाचा करार संपला तर किती दिवसांत दुसरीकडे जाता येईल, हे आत्ताच तपासा. हे उत्तर महिन्यांत येत असेल तर तिथे तुमचा एक न दिसणारा मालक बसलेला आहे.

गुंतवणूकदाराचा पैसा घ्यावा की नाही, यावर बाजू फार घाईनं घेतल्या जातात. भांडवलाशिवाय वेग येत नाही आणि तोवर प्रतिस्पर्धी बाजार मारून नेतो, हा आक्षेप खोटा नाही. काही धंद्यांत तो पूर्ण खरा आहे. मात्र व्हेंचर फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं असतं, त्या मुदतीत त्याला आपल्या लोकांचे पैसे परत करायचे असतात, आणि ते तुमचे शेअर कुणाला तरी विकूनच करता येतात. यात गुंतवणूकदाराचा काही दुष्टावा नाही, ते त्याचं कामच आहे. प्रश्न एवढाच, की त्याच्या घड्याळाला तुमची कंपनी किती घट्ट बांधलेली आहे. कंपनी कायद्याप्रमाणे विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे एक चतुर्थांशाहून जास्त मतं स्वतःकडे असली तर मोठे बदल रोखता येतात, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात भागधारकांच्या करारात त्याहून ताकदीची कलमं असतात. त्यातलं ‘ड्रॅग अलाँग’ हे कलम मराठीत सांगायचं तर फरपटीचं कलम आहे: ठरलेले भागधारक विकायला तयार झाले की बाकीच्यांनाही आपले शेअर विकावे लागतात. टर्मशीट हातात आली की सगळे आधी कंपनीचं मूल्यांकन पाहतात. तुम्ही आधी हे कलम शोधा. ते किती वर्षांनी लागू होतं, संस्थापकांच्या संमतीवाचून लागू होतं का, किमान किमतीची अट आहे का, यावर मूल्यांकनातले पाच-दहा टक्के सोडायची पाळी आली तरी सोडा.

बाहेरचा पैसा उशिरा घेणं हाही एक मार्ग आहे, आणि त्याचं उदाहरण मुंबईतच आहे. भाविन तुराखिया यांनी भाऊ दिव्यांक यांच्यासोबत १९९८ साली डायरेक्टी सुरू केली. त्यातले वेब होस्टिंगचे धंदे २०१४ साली अमेरिकेच्या एन्ड्युरन्स कंपनीला विकले, आणि मग फ्लॉक, झीटा अशा नव्या कंपन्यांमध्ये आधी स्वतःचा पैसा घातला. झीटात बाहेरचे मोठे गुंतवणूकदार पुढे आले, बँकांसाठीचं उत्पादन उभं राहिल्यावर. या क्रमाला किंमत आहे. नुसती कल्पना घेऊन गेलेला माणूस अटी स्वीकारतो, चालतं उत्पादन घेऊन गेलेला अटी मांडतो. दुसऱ्या टोकाला झोहो आहे: १९९६ साली ॲडव्हेंटनेट या नावानं सुरू झालेली, बाहेरच्या गुंतवणुकीशिवाय वाढलेली. झोहो अपवाद आहे असं म्हणतात. आकारानं ती अपवाद आहे हे खरं, पण तिची रीत अपवादात्मक नाही. आधीच्या उत्पादनाच्या नफ्यातून पुढचं उत्पादन काढायचं, ही आपल्या बाजारपेठेतल्या कोणत्याही जुन्या पेढीला ठाऊक असलेली गोष्ट आहे. ती हळू चालते. ज्याला पाच वर्षांत शंभर देशांत पोचायचं आहे, त्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

सर्वांत अवघड आक्षेप कर्मचाऱ्यांचा आहे, आणि त्याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर माझ्याकडे नाही. पहिली कंपनी विकली तेव्हा तुम्हाला पैसे मिळाले, सुरुवातीच्या सहकाऱ्यांनाही मिळाले. आता तुम्ही म्हणता विकायचं नाही. मग नव्या मुलांना दिलेल्या शेअरचं त्यांनी करायचं काय? न विकल्या जाणाऱ्या कंपनीचा शेअर हा शोभेचा कागद ठरू शकतो, आणि मालकाच्या तत्त्वाची किंमत अशा माणसांनी मोजावी ज्यांच्याकडे आधीच्या विक्रीचा पैसा नाही, हे अन्यायाचं आहे. म्हणून मुलाखतीतच स्पष्ट सांगा, की ही कंपनी विक्रीसाठी नाही. बाजारभावानं पगार द्या, शेअरच्या आशेवर कमी पगारात माणसं आणू नका. वार्षिक नफ्याचा ठरावीक हिस्सा कर्मचाऱ्यांत वाटायचा नियम लिहून ठेवा. शेअर द्यायचेच असतील तर कंपनी ते ठरलेल्या सूत्रानं परत घेईल अशी सोय करा. कायद्याच्या चौकटीत, विशेष ठरावानं, भरणा झालेलं भांडवल आणि मोकळी गंगाजळी यांच्या २५ टक्क्यांपर्यंत अशी पुनर्खरेदी करता येते. एखाद्या मुलीला लग्नासाठी नाहीतर घराच्या पहिल्या हप्त्यासाठी आपले शेअर मोडता आले, तर तिच्या लेखी ती कंपनी स्वतंत्रही आहे आणि खरीही.

नाव आणि कोड यांचा विचार बहुतेक जण सर्वांत शेवटी करतात. मायकेल विडेनियस यांनी मायएसक्यूएल या डेटाबेसचा पाया घातला, आणि त्यामागची कंपनी २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सनं १०० कोटी डॉलरना घेतली. पुढच्याच वर्षी ओरॅकलनं सनच विकत घेत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे तुम्ही ज्याला विकता तोच तुमचा शेवटचा मालक असेल, याची काही हमी नसते. विडेनियस बाहेर पडले. कोड मुक्त परवान्याखाली होता म्हणून त्याची नवी शाखा त्यांना उघडपणे काढता आली. नाव मात्र विकलं गेलेलं होतं. मायएसक्यूएलमधलं ‘माय’ हे त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव. नव्या डेटाबेसला त्यांनी धाकट्या मुलीचं नाव दिलं, मारियाडीबी. २०१२ साली कोडच्या रक्षणासाठी वेगळं फाउंडेशन स्थापन झालं. त्याच नावाची व्यापारी कंपनी पुढे २०२२ साली न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली आणि २०२४ मध्ये केवन या गुंतवणूक कंपनीनं ती विकत घेतली. कंपनी पुन्हा विकली गेली, फाउंडेशन आपल्या जागी राहिलं. जे तुम्हाला कधीच विकलं जाऊ द्यायचं नाही, ते कंपनीच्या बाहेर, वेगळ्या संस्थेत ठेवता येतं. आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालची कंपनी त्या कामाची आहे. तिला नफा सभासदांत वाटता येत नाही.

याचा अर्थ विकणं वाईट असा नाही. काही उत्पादनं मोठ्या कंपनीच्या पोटातच वाढतात, काही संस्थापकांना दहा वर्षांनंतर थांबायचं असतं, आणि थकलेल्या माणसानं तत्त्वाच्या नावाखाली कंपनी ओढत नेली तर ग्राहकांचे हाल होतात. उद्या तुम्हालाही विकावंसं वाटू शकतं. तेव्हा करारात निदान एक ओळ मागा: घेणाऱ्यानं उत्पादन बंद केलं किंवा सोडून दिलं, तर त्याचं नाव परत घेण्याचा पहिला हक्क मूळ संस्थापकाचा राहील. घेणाऱ्याला त्या ओळीसाठी त्या दिवशी काहीच मोजावं लागत नाही, म्हणून ती मिळण्याची शक्यता बरीच असते. ब्रेंट सिमन्स यांनी मॅकसाठी केलेलं नेटन्यूजवायर हे बातम्या वाचायचं सॉफ्टवेअर २००५ साली विकलं गेलं, २०११ साली पुन्हा दुसऱ्या कंपनीकडे गेलं, आणि २०१८ साली त्या कंपनीनं ते नाव त्यांना परत दिलं. ती त्या कंपनीची सदिच्छा होती. दरम्यान सिमन्स एव्हरग्रीन नावानं तसंच एक सॉफ्टवेअर पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहीत होते. त्या नव्या कोडला त्यांनी जुनं नाव लावलं, आणि २०१९ साली ते मुक्त परवान्याखाली फुकट उपलब्ध केलं.